बहुमान आणि आभार

१९०७ साली राजे सातवे एडवर्ड यांनी फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंना ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा ब्रिटनचा थोर बहुमान दिला. तो मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धातील जखमी सैनिकांच्या शुश्रूषेस त्या गेल्या, तेव्हा त्यांच्या पथकात अडतीस स्त्रिया होत्या; त्यांपैकी दहा कॅथलिक धर्मभगिनी. लंडनच्या मठातील मदर क्लेअर मूर त्यांतल्याच. पण त्या १८७४ सालीच ख्रिस्तवासी झाल्या होत्या.

हे वाचताना आम्हांस आमच्या मातोश्रींच्या अखेरच्या दुखण्यात रात्र रात्र उशाशी बसणारी परिचारिका आठवली. आम्ही डॉक्टरांचे आभार मानले. तिचे नावही विचारले नाही. बहुमान देणे राजाचे काम. कृतज्ञतेचे दोन शब्द तर आमच्याच हाती होते. ते राहूनच गेले. वाचकहो, आपल्या हातून असे न घडो.