आधी डिस्क, मग बॅटरी

माझ्या बहिणीचं घर सिद्धगडाच्या पायथ्याला, बोरवाडीच्या अलीकडे. भाची मुरबाडच्या कॉलेजात बी.कॉम.ला आहे आणि गावच्या बचत गटाचा सगळा हिशेबही तीच ठेवते. थोरल्या भावासाठी २०१९ साली घेतलेला लॅपटॉप आता तिच्याकडे आला आहे. त्या वेळी स्वस्तात मिळायचा तसाच तो आहे : आठव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि १ टीबीची फिरती हार्ड डिस्क.

"मामा, बटण दाबून मी चुलीवर भात टाकून येते, तरी याचं चालूच असतं," ती म्हणाली.

दुकानात दाखवल्यावर त्यांनी लांबलचक यादी दिली होती. १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, नवी बॅटरी. नाहीतर सरळ नवाच घ्या. दाजींचं उत्पन्न भाताचं आणि थोड्या भाजीपाल्याचं. तेवढा पैसा बाजूला काढायचा तर घरातलं दुसरं काहीतरी अडणार, हे मला दिसत होतं. मी कल्याणला एका संस्थेत संगणकांची देखभाल करतो, म्हणून निर्णय माझ्यावर सोपवला गेला. ती जबाबदारी मला मोठी वाटली.

मी स्क्रूड्रायव्हर बाहेर काढलाच नाही. तिला म्हटलं, "तू रोज करतेस ते काम माझ्यासमोर कर." तिने मोबाइलचं हॉटस्पॉट जोडलं, गटाची एक्सेल फाइल उघडली, बाजूला ब्राउझरच्या चार-पाच टॅब, एक पीडीएफ आणि कॉलेजसाठी लागणारं टॅली. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून मी टास्क मॅनेजर उघडून ठेवला होता. प्रोसेसर बहुतेक वेळ निवांत. मेमरी भरत आलेली. आणि डिस्क? सुरू झाल्यापासून १०० टक्क्यांवर जी चढली ती खाली यायला तयार नाही.

मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या डिस्कला हवी ती जागा डोक्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. शिवाय वाचणारा हात योग्य जागी सरकायला आणखी वेळ. त्यामुळे विखुरलेल्या लहान फाइली ती सेकंदाला शंभरसुद्धा वाचू शकत नाही. विंडोज सुरू होताना अशाच असंख्य लहान फाइली मागते. साधी साटा एसएसडी हेच काम सेकंदाला हजारोंनी करते. रॅम अपुरी पडली की विंडोज मेमरीतला काही मजकूर डिस्कवर ठेवतं, आणि डिस्क अशी संथ असेल तर तो फटका दुप्पट लागतो. म्हणजे इथे रॅमची तक्रारही अर्धीमुर्धी डिस्कचीच होती.

तरी पैसे घालण्याआधी एक खात्री हवी होती. अशा लॅपटॉपात प्रोसेसर बोर्डावर कायमचा डकवलेला असतो, तो बदलता येत नाही. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते. तिचा प्रोसेसर त्या उंबरठ्याच्या आत होता. सातव्या पिढीचा असता तर मी लिनक्स मिंटचा विचार केला असता, पण टॅली विंडोजवरच चालतं, त्यामुळे तिथे गाडी अडली असती.

मला या भागासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. हा लॅपटॉप रोज पाठीवरच्या पिशवीतून मुरबाडला जातो, खड्ड्याखड्ड्यांतून, कधी एसटीने, कधी दुचाकीवर. फिरत्या डिस्कला हादरे सोसत नाहीत. एसएसडीत हलणारा भागच नसतो. गटातल्या बायकांच्या बचतीचा हिशेब ज्या डिस्कवर आहे ती दगा देण्याआधीच बदलायला हवी होती.

रॅम मी मागे ठेवली आणि दुसरा खर्च बॅटरीवर करायला सांगितला. शहरातला जाणकार कदाचित हा क्रम उलटा लावेल. पण पावसाळ्यात इथे वीज गेली की कधी येईल याचा भरवसा नसतो, आणि तिची बॅटरी वीज जाताच मान टाकायची. अर्धवट लिहिलेली फाइल अशा वेळी बिघडते. वेगापेक्षा हे नुकसान मोठं. (याच डोंगरावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. स्वातंत्र्यलढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले होते. बोरवाडीच्या स्मारकापाशी गेलो की मला ते मनोरे आठवतात. या डोंगराखालच्या घरांना आजही भरवशाची वीज मिळू नये, याचं मनापासून वाईट वाटतं.)

विंडोजची पाच-सहा जीबीची फाइल मी कल्याणहूनच पेन ड्राइव्हवर आणली; पायथ्याच्या नेटवर्कवर ती उतरवणं अशक्यच. आधी हिशेबाच्या फाइलींची वेगळी प्रत काढली. दोन स्क्रू रबरी पायांखाली लपलेले होते. जुन्या एटीएम कार्डाने तळ अलगद उचकटला, सगळ्यात आधी बॅटरीची वायर काढली, मग डिस्क बदलली. २५६ जीबीची एसएसडी घेतली, कारण त्या १ टीबीतला फार थोडा भाग वापरात होता. परवाना मदरबोर्डाशी जोडलेला असल्याने इंटरनेट मिळताच विंडोज आपोआप सक्रिय झालं.

आता तो बटण दाबल्यावर थोड्याच वेळात कामाला लागतो. रॅमचा एक खण रिकामा आहे, टास्क मॅनेजरमध्ये तसं दिसतं. २०२५ च्या अखेरीस डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरीच्या किमती भराभर चढल्या, तेव्हा दाजींना मी सांगितलं, एक्सेल आणि टॅली एकत्र उघडून ती खरंच अडू लागली तरच ४ जीबीचा तुकडा घेऊ. अजून ती अडलेली नाही.

मध्यंतरी शेजारचा मुलगा त्याचा लॅपटॉप घेऊन तिच्याकडे आला. त्यात ६४ जीबीची ईएमएमसी साठवण आणि ४ जीबी रॅम, दोन्ही बोर्डावरच पक्की. तिने त्याला आधी रोजचं काम करायला लावलं, मग मला फोन केला. "मामा, याच्यात बदलण्यासारखं काहीच नाही. मी त्याला खर्च करू नको म्हणून सांगितलंय. नको असलेले प्रोग्रॅम काढून टाकतोय आणि फोटो पेन ड्राइव्हवर हलवतोय. बरोबर ना?"

बरोबर होतं.