चूक हाताची नव्हती

नव्या जालन्यातून कुंडलिका ओलांडून आम्ही स्टेशनवर गेलो की माझी लेक गाडीच्या आधी रूळ बघते. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ती जागा म्हणजे सांधा. तो बदलणाऱ्याला जुने लोक सांधेवाला म्हणत. लेकीचं सगळं लक्ष त्या सांध्यांवर.

हा नाद लागला पुण्यात. सुट्टीत आम्ही कोथरूडमधलं भाऊ जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलं. 1998 पासून ते लोकांसाठी खुलं आहे. तिथल्या धावत्या गाड्या पाहून लेकीने ईदीचे पैसे साठवायला घेतले. दोन वर्षांनी तिच्या मामूंनी शारजाहून दोन इंजिनं, थोडे रूळ आणि गाड्या चालवायचं डिजिटल यंत्र आणलं. खऱ्या गाडीच्या 87 पट लहान प्रमाण, दोन रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर. गच्चीवरच्या खोलीत प्लायवूडवर आमचं स्टेशन उभं राहिलं.

सांधे मात्र वेगळे घ्यायचे होते. लेक म्हणाली, "अम्मी, थोडे महाग आहेत, पण धातूच्या क्रॉसिंगचे घेऊ." मी म्हणाले, खेळण्यावर एवढी फिजूलखर्ची नको. निम्म्या किमतीचे, प्लास्टिकच्या क्रॉसिंगचे तीन सांधे मीच पसंत केले.

मोठं इंजिन नीट धावलं. चार चाकांचं छोटं इंजिन मात्र सांध्यावर आलं की बंद. बोटाने ढकललं की पुन्हा चालू. आठवडाभर हेच पाहून माझा आवाज चढला. "तुझ्या हाताला सबर नाही. रूळ नीट जोडले नाहीस. मामूंची एवढी महागाची वस्तू बिघडवलीस." ती काही बोलली नाही. चार दिवस ती गच्चीवर गेली नाही.

पाचव्या दिवशी तिने माझ्यापुढे वही ठेवली. छोटं इंजिन हळू वेगाने वीस वेळा चालवलं होतं. तेरा वेळा थांबलं, आणि तेराही वेळा क्रॉसिंगवरच. रुळांच्या जोडावर एकदाही नाही.

मग तिने मला शिकवलं. जुन्या पद्धतीत रुळांतली वीज कमी-जास्त करून गाडी चालवत, त्यामुळे एका रुळावरची सगळी इंजिनं एकत्रच पळत. डिजिटल पद्धतीत रुळांत कायम पूर्ण वीज असते. प्रत्येक इंजिनाला स्वतःचा नंबर असतो आणि हुकूम रुळांतूनच त्या नंबरला जातो. वीज तुटली की हुकूमही तुटतो. प्लास्टिकच्या क्रॉसिंगवर वीज नसते. लांब इंजिनाची बाकीची चाकं पलीकडून वीज घेतात, छोट्याची चाकं मात्र नेमकी त्या कोरड्या जागेवर येतात.

धातूच्या क्रॉसिंगवर वीज मिळते, पण तिथे दोन रस्त्यांचे रूळ एकमेकांना कापतात. म्हणून सांधा फिरला की क्रॉसिंगची वीजही फिरली पाहिजे. त्यासाठी बहुतेक वेळा सांध्याच्या मोटरलाच स्विच जोडतात. वीज फिरली नाही तर शॉर्ट होतो आणि वीज सगळीकडे एकच असल्यामुळे अख्खं स्टेशन बंद पडतं.

सांध्याचा नंबरही मी पाहिला नव्हता. चार नंबर म्हणजे चार भाग पुढे गेल्यावर रूळ एक भाग दूर जातो. सहा नंबरला तेवढंच दूर जायला सहा भाग लागतात. वळण सौम्य, लांब डबे घसरत नाहीत, पण जागा जास्त लागते. आपल्या रेल्वेतही प्रवासी गाड्यांच्या मार्गावर साधारण एकास बारा आणि यार्डात एकास साडेआठ असे सांधे असतात.

मी नववीला उर्दू आणि मराठी शिकवते. मुलाने चुकीचं उत्तर लिहिलं तर आधी प्रश्न नीट होता का ते बघावं, असं बीएडला असताना शिकले होते. वर्गात ते पाळते. घरी मात्र वही न बघताच निकाल दिला होता. ज्या सांध्याला दोष द्यायचा, तो मीच निवडला होता.

मी तिला म्हणाले, "बेटा, चूक तुझ्या हाताची नव्हती, माझ्या निवडीची होती. माफ कर." मामूंनाही फोन करून हेच सांगितलं, कारण त्यांच्याकडे मी तक्रार केली होती.

आता धातूच्या क्रॉसिंगचे, सहा नंबरचे दोन सांधे बसवले आहेत. तिसऱ्याचे पैसे अजून जमायचे आहेत. परवा सांधा न बदलताच मी उलट्या बाजूने गाडी आणली. शॉर्ट झाला आणि सगळं स्टेशन थांबलं. लेक हसली नाही, ओरडलीही नाही. फक्त म्हणाली, "अम्मी, आधी सांधा बघायचा, मग गाडी."