उगमाचे माप

जी वस्तू कधीच कुणाला दिसणार नाही, तिची लांबी-रुंदी सांगण्याचा अधिकार कुणाला असतो? साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न अपरिचित नाही. हरवलेल्या मूळ संहितेविषयी, दिवंगत कवीच्या मनाविषयी आपण बिनदिक्कत विधाने करीत असतो. पदार्थविज्ञानाच्या एका शाखेत मात्र या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत द्यावे लागते, आणि तो आकडा नेमका कशाचा आहे हेही सांगावे लागते. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन आम्ही मराठीकडे वळलो, त्याला बराच काळ लोटला. तरी त्या जुन्या घराकडे अधूनमधून फेरी मारण्याची सवय सुटलेली नाही. तिथूनच हा विषय हाती आला.

जिनिव्हाजवळ सर्न येथील लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये २०१० साली प्रथमच शिशाची केंद्रके एकमेकांवर आदळवण्यात आली. शिशाच्या केंद्रकाची त्रिज्या सुमारे ७ फेम्टोमीटर असते, आणि एक फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा लाख कोटीवा भाग. टक्कर होताच एक अतितप्त गोळा जन्मतो, फुगतो, निवतो आणि हजारो कण उधळून नाहीसा होतो. त्याचे आयुष्य सेकंदात लिहायचे तर दशांशचिन्हापुढे बावीस शून्ये मांडावी लागतात. कोणतेही भिंग तिथे पोचत नाही. हाती लागतात ते केवळ निघून आलेले कण, तेही सारे नाहीसे झाल्यानंतर.

या कणांत पायॉनांची संख्या मोठी असते. एकाच विद्युत्‌भाराचे दोन पायॉन एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत. 'सारखे दिसतात' एवढाच त्याचा अर्थ नाही, त्यांना वेगळी ओळखच नाही. इथला उजवीकडून निघाला आणि तिथला डावीकडून, की उलट, हा प्रश्नच निसर्गात निरर्थक ठरतो. म्हणून दोन्ही शक्यतांच्या तरंगांचे व्यतिकरण होते, आणि जवळजवळ समान संवेगाच्या जोड्या योगायोगाने मिळाव्यात त्याहून अधिक मिळतात. हा अधिकपणा संवेगातील किती फरकापर्यंत टिकतो, त्यावरून उगमाचे माप निघते. संबंध व्यस्त आहे: उगम जितका मोठा, तितकी ही जवळीक अरुंद. या कणांच्या गणिताचे मूळ सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली ढाक्याहून आइनस्टाइनकडे पाठवलेल्या निबंधात आहे. आइनस्टाइनने त्याचे जर्मन भाषांतर स्वतः करून ते प्रसिद्ध करविले.

पण 'योगायोगाहून अधिक' हे ठरवायचे कसे? इथे शास्त्रज्ञ जी युक्ती करतात ती आम्हांला फार हृद्य वाटते. ते एक पायॉन एका टकरीतला घेतात, दुसरा अगदी वेगळ्या टकरीतला, आणि ज्यांची कधी भेटच झाली नाही अशांच्या जोड्या लावतात. खऱ्या जोड्यांना या खोट्या जोड्यांनी भागले की जे उरते ते सहवासाचे.

या पद्धतीचा जन्म मात्र आकाशात झाला. रॉबर्ट हॅनबरी ब्राउन आणि गणिती रिचर्ड ट्विस यांनी इंग्लंडमधील जॉड्रेल बँक येथे लष्करी सर्चलाइटचे दोन आरसे व्याधाच्या ताऱ्याकडे वळवले आणि दोहोंवर पडणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारांतील मेळ मोजून १९५६ साली त्याचा कोनीय व्यास सांगितला: विकलेच्या हजाराव्या भागांत सहा-सात. त्यावर वादळ उठले. स्वतंत्र प्रकाशकण जोडीने येतीलच कसे, हे पुंजवादाच्या विरुद्ध आहे, असे भल्याभल्यांचे म्हणणे पडले. मेळ पुंजवादाशी सुसंगतच आहे हे एडवर्ड पर्सेल यांनी त्याच वर्षी दाखवले. पुढे ऑस्ट्रेलियात नाराब्री येथे हॅनबरी ब्राउन यांनी ३२ ताऱ्यांचे व्यास मोजले.

इकडे कणांच्या जगात हीच गोष्ट जवळजवळ अभावितपणे हाती आली. बर्कलीला गर्सन आणि सुलामिथ गोल्डहाबर हे दांपत्य व त्यांचे सहकारी प्रोटॉन-प्रतिप्रोटॉनांच्या विनाशात एका वेगळ्याच कणाच्या शोधात होते. तो त्यांना सापडला नाही; सापडले ते असे, की समान भाराचे पायॉन विषम भाराच्या पायॉनांपेक्षा एकमेकांच्या अधिक जवळून निघतात. १९६० साली त्यांनी त्याचा अन्वय लावला. ताऱ्यांची पद्धत आणि ही पद्धत सख्ख्या बहिणी आहेत हे पुढे दुब्ना येथील कोपिलोव्ह आणि पोद्गोरेत्स्की यांनी उलगडले. हॅनबरी ब्राउन यांचा जन्म १९१६ सालचा, निलगिरीतील अरुवनकाडूचा. सुलामिथबाई जगप्रवासात असताना १९६५ साली मद्रासला निवर्तल्या. योगायोगाला अर्थ चिकटवण्याची साहित्यिक खोड आम्ही इथे आवरतो.

खरी मेख पुढेच आहे. तारा आपल्या जागी स्थिर असतो; हा गोळा फुटत, पसरत असतो. जवळच्या संवेगाचे दोन कण त्याच्या ज्या भागातून येणे शक्य असते, त्या भागाचेच माप मिळते, सगळ्या गोळ्याचे नव्हे. वेगवान जोड्यांना विचारावे तर उगम लहान भरतो, संथ जोड्यांना विचारावे तर मोठा. दोन्ही साक्षी खऱ्या. अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे २००० सालापासून सोन्याच्या केंद्रकांच्या टकरी सुरू झाल्या, तेव्हा मोजलेली मापे सिद्धान्ताशी जुळेनात. कण दीर्घकाळ निघत राहतील असा कयास होता, आकडे सांगत होते की सारे एकदम उधळले. २००९ च्या सुमारास कोडे सुटले ते कुणा एका चुकीमुळे नव्हे. प्रवाहाची लवकर सुरुवात, द्रवाची स्निग्धता, दाबाचे अधिक कठोर समीकरण अशा अनेक लहान दुरुस्त्या एकत्र आल्या तेव्हा. खलनायक एकच असावा ही अपेक्षा कादंबरीत बरी.

हे सारे आम्हांला आठवत राहिले ते एका निराळ्या कामामुळे. आमच्या एका दिवंगत गुरुजींनी आयुष्यभर शिकवले, पुस्तक एकही लिहिले नाही. त्यांची व्याख्याने विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून सिद्ध करण्याचे आम्ही पत्करले. दोन वह्यांत एकच वाक्य आढळले की ते गुरुजींचे, असे प्रथमदर्शनी कुणालाही वाटेल. परंतु मराठीच्या कोणत्याही दोन वह्यांत बरीच वाक्ये सारखी असतात. क्रमिक पुस्तक एक, परीक्षा एक. म्हणून दुसऱ्या महाविद्यालयातील, गुरुजींना कधीही न पाहिलेल्या विद्यार्थ्यांच्या त्याच विषयावरील वह्या मिळवल्या आणि त्यांच्याशीही मेळ घालून पाहिला. जे तिथेही सापडले ते वगळले. मजकूर निम्म्याहून कमी उरला, आणि जो उरला त्यात गुरुजींचा आवाज होता.

मग दुसरी अडचण. १९७० च्या दशकातल्या वह्यांतले गुरुजी नवकवितेवर कडाडून तुटून पडतात. पंधरा वर्षांनंतरच्या वह्यांत तीच कविता ते कमालीच्या मायेने शिकवतात. दोहोंची सरासरी काढून एक तिसरेच गुरुजी उभे करणे सोपे होते. छापखान्याला तेच सोयीचे वाटले, शीर्षकही 'समग्र' असे सुचवले गेले. गुरुजींच्या कन्येने फोनवर एवढेच विचारले, "यात बाबा पूर्ण आलेत ना?"

आम्ही दोन्ही भाग वेगळे ठेवले आहेत. 'समग्र' हा शब्द काढला आहे. प्रत्येक भागाखाली वह्यांची वर्षे छापली आहेत, आणि कन्येला तसे पत्राने कळवले आहे. मधल्या आठ वर्षांची एकही वही अद्याप मिळालेली नाही. ती पाने कोरी जातील.