छपराखालची शर्यत

मंडळी, धावण्याची शर्यत आपण पाहतो ती माळावर, ऊन-वारा अंगावर घेत. पण अमेरिकेत बोस्टन शहरी फेब्रुवारीत बर्फ पडतो, म्हणून तिथे शर्यती छपराखाली भरतात. चला, आज दिवसभर तिथल्या विद्यापीठाच्या बंदिस्त मैदानात बसू.

फेरी अवघी 200 मीटरची. वळणावर बाहेरची कड घाटरस्त्यासारखी उंच केलेली, त्यामुळे वेग मोडत नाही. वाराही आडवा येत नाही. 5000 मीटर म्हणजे 25 फेऱ्या! खळ्यात तिवड्याभोवती फिरणारी बैलांची पात आठवते. धावणारे अगदी जवळून जातात. शेवटच्या फेरीला घंटा वाजते आणि सारे प्रेक्षक उभे राहतात.

21 फेब्रुवारी 2025 रोजी इथेच आपल्या लष्करातला जवान, उत्तर प्रदेशचा गुलवीर सिंग धावला. नंबर आला चौथा. पण घड्याळ म्हणाले, 12 मिनिटे 59.77 सेकंद! हे अंतर 13 मिनिटांच्या आत कापणारा तो पहिला भारतीय. हाती उरला होता पाव सेकंदाहूनही कमी वेळ. पंचवीस फेऱ्यांत एकदा जरी पाय रेंगाळला असता, तरी हुकले असते.

तेव्हा तुमचे पोर शर्यतीहून घरी आले, की नुसता नंबर विचारू नका. वेळ किती लागला, तेही विचारा.