शिफारसपत्र

आमच्या धर्मग्रामातला एक तरुण मिशनकार्यासाठी परदेशी निघालाय. पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी, बायबलचा अभ्यासक्रम, सगळं झालं. राहिलंय माझं शिफारसपत्र. "सर, भाषा तिकडे जाऊन शिकेन."

मला बाणावलीचे संत जोसेफ वाझ आठवले. डच अंमलात कॅथलिक धर्मगुरूंना बंदी, म्हणून 1687 मध्ये ते मजुराच्या वेशात श्रीलंकेत उतरले. तमिळ शिकले. कँडीत हेर समजून कोंडलं, तर तिथे सिंहली शिकले.

त्याला विचारणार होतो, शेजारच्या कन्नड आजींकडे कधी बसलास का? पण इतकी वर्षं बेळगावात राहून मीही 'चेन्नागिदीरा'च्या पुढे गेलेलो नाही! पत्र टेबलावरच आहे. रविवारी मिस्सेनंतर आम्ही दोघं आजींकडे जाणार आहोत.