सही झाली, पण हात बसला का?

परवा भाऊबीजेला ताईकडे अकोल्याला गेलो होतो. बडनेरा, मूर्तिजापूर करत दुपारच्या जेवणाला पोचलो. भाचीही सुट्टीवर आलेली. मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे (कॉलेज कुठलं ते विचारू नका, सांगणार नाही). जेवणं झाल्यावर तिने कौतुकाने आपलं लॉगबुक दाखवलं. सीपीआर, सलाईन लावणं, टाके घालणं, बाळाला बॅग-मास्कने श्वास देणं... प्रत्येकापुढे तारीख आणि सरांची सही.

मी म्हटलं, "चल, दाखव बरं सीपीआर." आणि दिवाणावरची उशी जमिनीवर ठेवली.

बिचारी गुडघ्यांवर बसली. कोपरं वाकलेली, वेग पार शेगाव पॅसेंजरपासून राजधानीपर्यंत कसाही. वीस दाबांतच दमली. ताई दारातून म्हणाली, "काय करून राह्यले बापा तुमी? नवी खोळ आहे थे!"

हसलो सगळे. पण मग भाची हळूच म्हणाली, "मामा, खरं सांगू? आम्ही तीस जण होतो, पुतळा एक. सरांनी करून दाखवलं, पुढच्या चौघांनी केलं, बाकीच्यांनी पाहिलं. सही मात्र सगळ्यांना मिळाली."

मी तिला रागावणार होतो. पण रागावू कुठल्या तोंडाने?

माझी इंटर्नशिप आठवली. एका ग्रामीण रुग्णालयात रात्रीची ड्यूटी. बाळ जन्मलं आणि रडेना. बॅग होती, मास्क होता, पुस्तकातलं पानही डोळ्यासमोर होतं. पण हातांनी ते कधी केलंच नव्हतं. मास्कच्या कडेने हवा निसटत होती, छाती हलत नव्हती. शेवटी सिस्टरनी माझा हात धरून बाळाच्या हनुवटीवर नीट बसवला, मान किंचित मागे केली, आणि छाती वर आली. बाळ रडलं. सगळे म्हणाले, वाचलं. पण तोवर किती वेळ गेला हे कुणी मोजलं नव्हतं. न रडणाऱ्या बाळाचा श्वास पहिल्या मिनिटात सुरू करून द्यायचा असतो. ते मूल आज कसं असेल, शाळेत नीट शिकलं असेल का, हा प्रश्न माझ्याबरोबर अमरावतीला आला तो अजून गेलेला नाही.

तो सराव बाहुलीवर झाला असता तर? बाहुलीचं काय बिघडतं!

ही कल्पना काही आजची नाही. सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाचा नववा अध्याय याच विषयावर आहे. कापण्याचा सराव कोहळा, भोपळा, काकडीवर करावा. शीर टोचण्याचा मेलेल्या जनावराच्या शिरेवर किंवा कमळाच्या देठावर. पट्ट्या बांधण्याचा माणसाच्या पुतळ्यावर. या सरावाला तिथे 'योग्या' म्हटलंय. शास्त्र कितीही वाचलं तरी योग्या केली नसेल तर तो वैद्य कामाला अयोग्यच, असा एकूण अर्थ. पुढे १९६० साली नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्याने सीपीआर शिकवायला बाहुली केली, आणि ती जगभर गेली.

आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसला नवा, कौशल्यांवर आधारलेला अभ्यासक्रम आला. स्किल लॅब आल्या, लॉगबुकं आली. वऱ्हाडात कॉलेजंही वाढली. अमरावतीला पंजाबराव देशमुखांच्या नावाचं कॉलेज जुनंच. अकोल्याला शासकीय कॉलेज २००२ साली झालं, अमरावतीला २०२४ मध्ये. म्हणजे मुलं वाढणार, पुतळे लागणार. चांगलंच आहे. प्रश्न एवढाच, की लॅब चांगली चालली आहे हे ठरवायचं कशावरून?

डोनाल्ड कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन माणसाने १९५९ साली प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या सांगितल्या. शिकणाऱ्याला आवडलं का? तो शिकला का? कामावर गेल्यावर तसं करतो का? आणि शेवटी त्याने फरक काय पडला? आपण बहुतेकदा पहिल्या पायरीवरच फोटो काढून घरी येतो. खरं तर कधीकधी पहिलीच्याही आधी एक शून्यावी पायरी असते - पुतळे किती घेतले?

माझ्या मते साधे तीन प्रश्न विचारावेत. प्रत्येकाचा हात लागला का? चुकलं तेव्हा कुणी थांबवून सांगितलं का? आणि सहा महिन्यांनी पुन्हा करून पाहिलं का? कारण सीपीआरचा हात काही महिन्यांतच उतरतो, हे जगभर दिसलेलं आहे.

शेवटचा प्रश्न लिहिताना मीच अडखळलो. कारण त्या दिवशी भाची म्हणाली, "मामा, आता तुम्ही करा." मी ऐटीत बसलो. तिने मोबाईलवर घड्याळ लावलं. मिनिटाला १०० ते १२० हवेत; माझे भरले १३८. आणि छाती दर वेळी पूर्ण वर येऊ द्यायची, ते तर मी विसरूनच गेलो होतो. खोल किती गेलो - पाच सेंटिमीटर की दोन - ते उशी सांगत नाही. त्यासाठीच तर पुतळा लागतो, आणि बाजूला उभं राहून सांगणारा माणूस.

"तुमचंही लॉगबुक होतं का मामा?" कार्टीने विचारलंच.

निघताना तिला म्हटलं, लॅब उघडून मागा सरावाला. ती म्हणाली, किल्ली कारकुनाकडे असते आणि ते पाचला घरी जातात.

काल तिचा फोन आला. सरांना भेटली. सर चांगले निघाले. म्हणाले, मलाही सही करताना बरं वाटत नव्हतं, पण हात लावायला वेळच पुरत नाही. आता दर शनिवारी दुपारी लॅब उघडी. पहिल्या शनिवारी अकरा जण आले. दुसऱ्या शनिवारी सहा.

सहा तर सहा. मी इकडे आमच्या दवाखान्यात सिस्टर आणि वॉर्डबॉयला घेऊन महिन्यातून एकदा बसायचं ठरवलंय. तारीख कॅलेंडरवर लिहिली आहे. सही कुणाचीच नाही.