उगा ऱ्हाय

बांधाच्या वादासाठी पारोळ्याहून पहाटेच्या एसटीने मी आबांबरोबर तारखेला जायचो. किल्ला मागे पडला की आबा मांडीवरची कापडी पिशवी घट्ट धरायचे. आत सातबारा, जुना नकाशा आणि दुपारची भाकरी. एकदा पुकारा झाला, आबा आत गेले, आणि न्यायाधीशांनी त्यांना तोंडही उघडू न देता भर कोर्टात ‘अडाणी’ म्हणून झिडकारलं. मी पुढे सरकलो तोच आबांनी माझं मनगट धरलं. ‘उगा ऱ्हाय. साहेब शेतस त्या.’

तक्रारीला वाट नव्हती असं नाही. घटनेच्या कलम 235 प्रमाणे खालच्या न्यायालयांवर उच्च न्यायालयाचं नियंत्रण असतं. तिथे तक्रार करता येते, चौकशी होते, दोषी न्यायाधीश घरीही जातो. पण तक्रारीला शपथपत्र जोडायचं म्हणजे खाली आपलं नाव, गाव, सही; आणि पुढची तारीख त्याच साहेबांसमोर! माझं मनगट धरणारा आबांचा हात का थरथरत होता, ते मला फार उशिरा कळलं.

हे गप्प बसणं वरही चालतं. मे 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्या. व्ही. रामस्वामी यांना पदावरून दूर करण्याचा ठराव लोकसभेत आला. आधी उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असताना सरकारी पैसा घरच्या सामानसुमानावर उधळल्याचे आरोप होते, आणि न्या. पी. बी. सावंत यांच्या समितीने त्यांतले बरेचसे खरे ठरवले होते. ठरावाच्या बाजूने 196 मतं पडली, विरोधात एकही नाही. 205 खासदार तटस्थ राहिले आणि ठराव पडला. आबांना जमीन जाण्याची भीती होती. या 205 जणांचं मनगट कुणी धरलं होतं? मला त्यांचा राग अजून आहे.

मुंबईचे वकील मात्र 1995 मध्ये बोलले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश ए. एम. भट्टाचार्जी यांना पुस्तकापोटी मिळालेल्या परदेशी मानधनावर त्यांनी बोट ठेवलं. भट्टाचार्जींनी राजीनामा दिला. सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना बजावलं, ठराव करू नका, सरन्यायाधीशांपर्यंत जा. त्यातून 1999 मध्ये अंतर्गत चौकशीची पद्धत आली. हरलेला प्रत्येक पक्षकार चिखल उडवू लागला तर निर्भयपणे निकाल कोण देणार, हे मलाही पटतं. पण चौकशी बंद दाराआड, अहवालही गोपनीय; मग बाहेर बाकावर बसलेल्याला धीर यायचा कुठून?

आमचा निकाल पुढे दुसऱ्या न्यायाधीश बाईंनी दिला. आबांना त्यांनी आधी बसायला सांगितलं, मग सगळं ऐकून घेतलं. परतताना गाडीत आबा निकालाचं काही बोललेच नाहीत. त्या बाईंनी बसायला सांगितलं, एवढंच ते पारोळा येईपर्यंत पुन्हा पुन्हा सांगत होते.